ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला? मीही तशीच फसले होते

नमस्कार मंडळी. मागे माझी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी दिसतेय ना? गेल्या तीन व्हिडिओंखाली एकच प्रश्न आहे, "ताई, मासे कुठे गेले? मेले का?" नाही हो. कोरल म्हणजे प्रवाळ आहेत, गोगलगायी आहेत, तो बघा क्लीनर श्रिंप, म्हणजे छोटी कोळंबी, मिश्या हलवतोय. मासा मात्र एकही नाही, आणि ते मुद्दाम आहे. आज ४३ वा दिवस. ७६ भरल्याशिवाय या टाकीत मासा जाणार नाही. का, ते सांगायलाच आज बसलेय.

त्याआधी उगाचच्या घाबरगुंडीचं पटापट उरकते, कारण रात्री साडेअकराला मेसेज येतात. "ब्लू टँग (निळा मासा) आडवा पडलाय, गेला!" गेला नाही. नवा ब्लू टँग घाबरला की फटीत शिरून आडवा पडतो. कल्ले हलतायत का बघा आणि झोपा. श्रिंप मेलेला दिसतोय, पण पोकळ आणि पारदर्शक आहे? कात टाकलीय त्याने, खरा दगडामागे लपलाय. फॉक्सफेस रात्री मळकट डागाळ होतो, सकाळी परत पिवळाधमक. बांगाई कार्डिनल जेवत नाही आणि जबडा फुगलाय? तोंडात अंडी असतील. बाप होतोय तो, त्याला औषध पाजू नका.

आणि खरंच काही बिघडलंय असं वाटलं तर आधी हवा, अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारं विष), तापमान, खारटपणा तपासा. अमोनिया शून्य नसेल तर पाणी बदला. लाईट गेली असेल तर बॅटरीवरचा एअर पंप लावा. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाते.

आता ठिपके. पांढरे ठिपके दोन तऱ्हेचे. रवा भुरभुरल्यासारखे, सुटे सुटे, मोजता येतील असे असतील तर बहुधा मरीन इक, खाऱ्या पाण्यातल्या माशांचा परजीवी रोग. पिठीसाखर चाळल्यासारखी बारीक पूड असेल, मासा धापा टाकत असेल, वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी जाऊन उभा राहत असेल, उजेड टाळत असेल, तर ते व्हेल्व्हेट, हाही परजीवी रोगच. त्यात दोन-तीन दिवसांत मासा जाऊ शकतो, वाट बघू नका, त्याच दिवशी वेगळ्या टाकीत हलवा. आजची माझी गोष्ट इकची आहे.

गणपतीला घरी पाहुणे येणार, टाकी उठून दिसावी, म्हणून मी एक बोटाएवढा ब्लू टँग आणला. लेकीने नाव ठेवलं निळू. क्वारंटाईन, म्हणजे आधी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवणं? नाही केलं. हो, मीच. दोन वर्षं तुम्हाला "क्वारंटाईन करा" म्हणून बोंबलणारी मी. चतुर्थीच्या संध्याकाळी निळूच्या कल्ल्याजवळ सात ठिपके. मी खाण्यात लसणाचा रस मिसळला. गौरी विसर्जनाच्या दिवशी बघते तर अंग एकदम स्वच्छ! मी काय केलं? व्हिडिओ टाकला. "लसणाने इक बरा." तो आता काढून टाकलाय, पण तुम्ही स्क्रीनशॉट ठेवलेत हे मला माहीत आहे.

बारा दिवसांनी, ऐन पितृपक्षात, ठिपके परत आले. या वेळी निळूवर मोजण्यापलीकडे, दोन्ही क्लाउन माशांवर, फॉक्सफेसवरही. सासरे म्हणाले, "पितरांना पान वाढलं नाहीस का?" म्हटलं, बाबा, पितर नाही हो, हे क्रिप्टोकॅरिऑन आहे, इकचा परजीवी.

काय झालं होतं ते ऐका. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून खाणारा परजीवी. तिथे तो तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की स्वतःहून गळून पडतो. स्वतःहून! तुम्ही लसूण द्या, हळद द्या, दृष्ट काढा, तो तेव्हाच जाणार होता. खाली वाळूला, दगडाला चिकटून तो कवच करतो आणि आत विभागत राहतो. मग एका कवचातून शेकडो पिल्लं सुटतात आणि मासा शोधत फिरतात. म्हणजे अंग स्वच्छ दिसतंय, तेव्हा रोग तुमच्या वाळूत वाढतोय.

समजलं नसेल तर असं बघा. भाड्याने राहणारा चोर खोली सोडून गेला. तुम्ही खुश. तो गेलाय तळमजल्यावर, सगळ्या गावाला बोलावून आणायला.

तरीही एका दादांनी लिहिलंय, "माझे ठिपके चार वेळा आले आणि चारही वेळा औषधाने गेले." दादा, चार वेळा गेले म्हणजे एकदाही गेले नाहीत.

दुसरी कमेंट फ्रेम करून ठेवावी अशी आहे: "टाकीत मूठभर खडे मीठ टाका." अहो, ही खाऱ्या पाण्याची टाकी! लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ आधीच आहे. गोड्या पाण्याची युक्ती इथे उलटी चालते. खारटपणा कमी करून, पाण्याचं सापेक्ष घनत्व १.००९ ला आणून इक मारायची पद्धत आहे, पण तीही वेगळ्या टाकीत, कारण तेवढ्यावर कोरल आणि श्रिंप जगत नाहीत.

आणि वेगळी टाकी हा शब्द धरून ठेवा. मुख्य टाकीत कॉपरची, म्हणजे इक मारणाऱ्या तांब्याच्या औषधाची बाटली ओतू नका. कोरल, श्रिंप, गोगलगायी मरतील, दगड आणि वाळू कॉपर शोषून बसतील. दुकानदाराने "चार थेंब, काही होत नाही" म्हटलं तरी नाही.

मी जुनी दोन फुटी टाकी काढली. वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे, स्पंज फिल्टर. चारही मासे त्यात, कॉपर चालू. डोस अंदाजे नाही. कॉपर दोन प्रकारचं येतं. एकाचं प्रमाण ०.२ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) घरात, दुसऱ्याचं २ च्या, दहा पट फरक! आपल्या बाटलीवरचं वाचा आणि टेस्ट किटने मोजा. अमोनियाही रोज मोजा. तो वाढला तर पाणी बदला, पण अमोनिया बांधणारं कंडिशनर कॉपरबरोबर घालू नका, मासे दगावतात.

आणि इकडे मोठी टाकी रिकामी. कवचं बहुतेक तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, पण ७२ दिवस टिकलेलीही नोंदवली गेली आहेत. पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. म्हणून ७६.

"एकच क्लाउन ठेवला तर चालेल का? तो धडधाकट आहे." नाही चालणार. एक मासा म्हणजे पंगत चालू. धडधाकट मासा दिसायला स्वच्छ राहतो आणि कल्ल्यांत रोग सांभाळतो. आणि जाळी, बादली, ओले हात, सगळं वेगळं. नवी गोगलगाय आणली तर तिच्या शंखावरूनही कवच येऊ शकतं. परवा नवऱ्याने हौसेने दोन आणल्या. त्या आता बाल्कनीतल्या टबात आहेत आणि तोही जरा नाराज आहे.

कालनिर्णयवर लेक रोज फुली मारते. दिवाळी झाली, मार्गशीर्षात निळू परत जाईल. तोवर "टाकी रिकामी का" विचारलंत की मी याच व्हिडिओची लिंक देणार आहे. आता थांबते, अमोनिया मोजायची वेळ झाली.