काउंटीच्या डॉक्टरीणबाई आणि आमच्या सासूबाई

नमस्कार मंडळी! सनीव्हेल, क्युपर्टिनो, मिल्पिटास, सॅन होजे आणि पार खाली गिलरॉयपर्यंत, जे कोणी गाडीत, ओट्यापाशी नाहीतर ट्रेडमिलवर ऐकताय त्या सगळ्यांना नमस्कार. आजचा विषय 2020 चा आहे, कोविडचा. हो हो, कळतंय मला, हात लगेच बटणाकडे गेला तुमचा, "पुरे झालं बाई आता ते." पण थांबा जरा. मी वॉशिंग्टनमध्ये काय झालं ते सांगणार नाहीये, कोण निवडून आलं नि कोण पडलं तेही नाही. मी सांगणार आहे कॅलिफोर्नियातल्या आपल्या सांता क्लारा काउंटीने काय केलं ते, काउंटी म्हणजे आपला जिल्हाच धरा, कारण त्या वेळी आपल्या घराची दारं बंद कुणी केली असं विचारलं तर दहातले नऊ जण म्हणतात गव्हर्नरने. गव्हर्नरने नाही केली. काउंटीने केली.

आधी तारखा सांगते, ऐकायला कंटाळवाण्या आहेत पण त्यातच सगळी गंमत आहे. 31 जानेवारी 2020, आपल्या काउंटीत पहिली केस, वुहानहून परत आलेला एक माणूस. 10 फेब्रुवारी, काउंटीने आणीबाणी जाहीर केली, तेव्हा आपण सगळे ऑफिसच्या कॅफेटेरियात बसून जेवत होतो आणि ही भानगड तिकडे चीनमध्ये चाललीय असं समजत होतो. 9 मार्चला हजार माणसांच्या वरचे कार्यक्रम बंद. आणि मग 16 मार्च, सोमवार. सहा काउंट्या, सांता क्लारा, सॅन मटेओ, अलमेडा, काँट्रा कोस्टा, मरीन, सॅन फ्रान्सिस्को, आणि शिवाय बर्कली शहर, कारण बर्कलीचं आरोग्य खातंच वेगळं आहे, बर्कलीचं सगळंच वेगळं असतं म्हणा. या सगळ्यांनी मिळून सांगितलं की आज मध्यरात्रीपासून घरात बसा. शेल्टर इन प्लेस. साधारण 67 लाख माणसं. अख्ख्या अमेरिकेत पहिल्यांदा. राज्याची ऑर्डर आली 19 मार्चला, न्यूयॉर्कची लागू झाली 22 ला. परत सांगते, काउंट्यांची 16 ला निघाली, राज्याची 19 ला. तीन दिवस. ज्या रोगाचे आकडे दर थोड्या दिवसांनी दुप्पट होतात तिथे तीन दिवस म्हणजे फार झाले.

आणि हे ठरवलं कुणी, तर आपल्या हेल्थ ऑफिसर डॉ. सारा कोडी. आदल्या दिवशी, रविवारी, त्या आणि शेजारच्या सॅन मटेओ नि सॅन फ्रान्सिस्कोचे हेल्थ ऑफिसर फोनवर बोलले, आणि सोमवारी दुपारी तर त्या माइकसमोर उभ्या होत्या. आपली एक साधी सोसायटी मीटिंग घ्यायची तर तारीख ठरायला महिना जातो.

आता कोडीबाईंचं नाव निघालंच आहे तर ती गोष्ट सांगूनच टाकते. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी परत ऐका, पैसे नाही पडत.

तेव्हा आमच्या सासूबाई आमच्याकडे होत्या. वाईच्या. जानेवारीत आल्या होत्या सहा महिन्यांसाठी, येताना भाजणी, मेतकूट, दोन प्रकारची लोणची सगळं घेऊन, आणि मार्चमध्ये भारताने बाहेरून येणारी विमानंच बंद केली, मग बसल्या अडकून. सासूबाईंना टीव्हीवरच्या मालिका आवडत नाहीत, हे मी कौतुकाने सांगतेय, आजकालच्या मालिका बघून माणसाचं ब्लडप्रेशर वाढतं, एकच भांडण तीन महिने चालतं. तर त्या काय बघायच्या, तर काउंटीची प्रेस कॉन्फरन्स. माझा मुलगा लॅपटॉप लावून द्यायचा आणि त्या समोर भाजी निवडत बसायच्या. इंग्लिश सगळं कळायचं असं नाही, पण माणूस कळायचं. एकेकावर शेरे मारायच्या. "हा बघ, हा नुसता उभा राहायला आलाय."

मार्चच्या सुरुवातीची गोष्ट, घरात बसा म्हणायच्या आधीची. कोडीबाई कागद समोर ठेवून सांगत होत्या की आजपासून एक सवय लावा, तोंडाला, नाकाला, डोळ्यांना हात लावू नका, विषाणू तिथूनच आत जातो. आणि हे सांगून होतंय न होतंय तोच बाईंनी बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं!

तो व्हिडिओ मग जगभर फिरला, तुमच्याही व्हॉट्सॅपवर आला असणार, लोक पोट धरून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, या बाईंना कुणीतरी स्पंजची डबी द्या की!"

आता ज्यांचं सगळं आयुष्य फोनवरून पैसे पाठवण्यात गेलंय त्यांच्यासाठी सांगते. आमचे सासरे बँकेत कॅशियर होते. कॅशियरच्या टेबलावर एक गोल प्लॅस्टिकची डबी असायची, त्यात ओला स्पंज, त्यावर बोट टेकवायचं नि नोटा मोजायच्या. सासऱ्यांना नव्या नव्या नोकरीत थुंकी लावून नोटा मोजायची सवय होती म्हणे, आणि त्यांच्या हेडकॅशियरनी सगळ्या लायनीसमोर त्यांना झापलं होतं की त्या नोटेवर आख्ख्या तालुक्याची थुंकी आहे नि आता तू ती खातोयस. तेव्हापासून यांच्या घरात पोथी वाचताना, कॅलेंडरचं पान उलटताना, पेपर वाचताना कुणी जिभेला बोट लावलं की आरडाओरडा. म्हणजे काउंटीच्या बाईंनी जे 2020 मध्ये सांगितलं ते वाईच्या बँकेत कित्येक वर्षं आधी सांगून झालेलं!

झालं, सासूबाईंच्या डोक्यात डबीच बसली. दुसऱ्या दिवशी माझा भांडी घासायचा नवा कोरा स्पंज कात्रीने कापला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवला, पाणी घातलं आणि डायनिंग टेबलावर ठेवला. नातवाला डेमो दिला. तो सहावीत होता, पुढे त्याची शाळा घरूनच सुरू झाली, तिथे कागदच नव्हता उलटायला, सगळं स्क्रीनवर, पण आजी बघतेय म्हणून बिचारा स्पंजवर बोट टेकवून मग आयपॅडला लावायचा. आयपॅडवर ठिपकेच ठिपके. एवढ्यावर थांबल्या नाहीत. एप्रिलमध्ये म्हणाल्या मला पत्र लिहायचंय. कुणाला? त्या बाईंना. आणि लिहिलं, मराठीत, रेघांच्या कागदावर, तीर्थरूप वगैरे घालू की नको यावर आमची चर्चा झाली आणि "सौ. कोडीबाईंस, अनेक आशीर्वाद" यावर ठरलं. त्यात होतं की तुम्ही काम चांगलं करताय, आवाज जरा मोठा ठेवा, झोप घेत जा, आणि डबीचं चित्र काढून बाण दाखवून खाली लिहिलं होतं "पाणी रोज बदलणे." मी खाली इंग्लिशमध्ये लिहून दिलं आणि पोस्टाने पाठवलं.

उत्तर कुठून येणार! आणि मग उन्हाळ्यात पेपरात आलं की कोडीबाईंना धमक्यांची पत्रं येतायत, घराला शेरीफचे पोलीस चोवीस तास. पुढे पत्रं पाठवणाऱ्या एकाला अटकही झाली. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या किती वेळ गप्पच. मग म्हणाल्या, "म्हणजे तिच्याकडे पत्रांचा गठ्ठा येतो आणि तो आधी पोलीस उघडतात. माझं पत्र पोलिसांनी उघडलं असेल." मला हसू आवरेना, कारण डोळ्यासमोर तो पोलीस आला, मराठी पत्र हातात घेऊन, बाण काढलेल्या त्या गोल वस्तूकडे बघतोय. पण त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाल्या, अगं, ती काय कुणाच्या घरात शिरली का? आमच्याकडे प्लेगमध्ये पुण्यात रँडसाहेबाचे सोल्जर घरात शिरायचे, देवघरापर्यंत, बायकांना बाहेर काढायचे, तेव्हा लोक चिडले ते समजू शकतं. ही तर नुसतं घरात बसा म्हणतेय.

आणि मग त्यांनी एक सांगितलं ते मला फार आवडलं. त्यांची आजी सांगायची, प्लेग आला की अख्खं गाव घरं सोडून मळ्यात जाऊन राहायचं, पालं ठोकून. "आमच्याकडे घराबाहेर पळायचे, तुमच्याकडे घरात कोंडून घेतात, असं का गं?" मी म्हटलं, आई, प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे, उंदीर घरात, म्हणून माणसं बाहेर. हा श्वासातून, म्हणून माणसापासून माणूस लांब. "मग मोकळ्यावर फिरलं तर चालेल?" चालेल की, ऑर्डरमध्येच लिहिलं होतं, फिरायला परवानगी, सहा फूट अंतर ठेवून. "सहा फूट म्हणजे दोन वार," असं म्हणून त्या रोज संध्याकाळी बाहेर पडायच्या आणि समोरून कुणी आलं की हाताने दोन वार मापून दाखवायच्या. आमच्या गल्लीतला एक तैवानी आजोबा पण तसंच मापायला लागला. भाषा एकाला एकाची येत नाही आणि रोज एकमेकांना कापड मापून दाखवतायत.

बरं, वेळ बघते... अरे बापरे. तर मुद्दा. कॅलिफोर्नियात काउंटीचा हेल्थ ऑफिसर हा डॉक्टरच असावा लागतो, त्याला काउंटीचं सुपरवायझर मंडळ नेमतं, लोक निवडून देत नाहीत. साथ आली की रोग पसरू नये म्हणून लागतील ते आदेश काढायचा अधिकार कायद्याने त्याच्याकडे असतो, आणि आदेश मोडला तर तो गुन्हा. आपल्याकडे भारतात 1897 च्या साथरोग कायद्याने कलेक्टर साहेब जे करतात ते इथे डॉक्टर करतो असं समजा. गव्हर्नरला विचारत बसावं लागत नाही. परत सांगते, विचारावं लागत नाही. म्हणून तर 16 मार्चला जमलं.

आणि तेव्हा हातात माहिती किती होती? जवळजवळ नाहीच. केंद्राची टेस्ट किट्स सुरुवातीला बिघडलेली, टेस्ट करायच्या तर फक्त परदेशातून आलेल्यांच्या. फेब्रुवारीच्या शेवटी काउंटीच्या स्वतःच्या लॅबने टेस्ट सुरू केली आणि लगेच कुठेच प्रवास न केलेली पेशंट सापडली. आणि 21 एप्रिलला तर कळलं की 6 फेब्रुवारीला सॅन होजेत घरी वारलेल्या एका बाईंना कोविड होता. फ्लू असेल, हार्ट असेल असं वाटलेलं, पण काउंटीच्या मेडिकल एक्झामिनरने, म्हणजे मृत्यूचं कारण शोधणाऱ्या डॉक्टरने, नमुने जपून ठेवले आणि पाठवले म्हणून समजलं. त्या वेळी माहीत असलेला देशातला सगळ्यात आधीचा मृत्यू तो. म्हणजे जानेवारीत, आपण संक्रांतीचं हळदीकुंकू करत होतो तेव्हा तो इथे फिरत होता.

सगळं गोड गोड सांगणार नाही मी. घरात बसा हे आपल्याला परवडलं, लॅपटॉप उघडला की ऑफिस. ईस्ट सॅन होजेत एका घरात तीन कुटुंबं, कुणी गोदामात, कुणी हॉटेलच्या किचनमध्ये, त्यांना कुठलं घर बसून काम. आपल्या काउंटीत लॅटिनो लोक साधारण पाव, पण केसेसमध्ये ते अर्ध्याच्या आसपास. जे आपल्या घरी भाजीच्या पिशव्या आणून ठेवत होते तेच आजारी पडत होते. काउंटीने तिकडे टेस्टिंग, मदत वाढवली, पण उशिरा, हे माझं मत. आणि शाळा एवढ्या लांब बंद ठेवायला नको होत्या, हेही माझंच मत, ईमेल करायचे त्यांनी करा.

फ्रीमाँटकरांनो, तुमची अलमेडा काउंटी, तुमची टेस्लाची भानगड मे महिन्यातली, मालक म्हणाले फॅक्टरी उघडतो, काउंटी म्हणाली थांबा, ते म्हणाले मी टेक्सासला चाललो, आणि 11 मेला उघडलीच. आपल्याकडे उलटं झालं. 2020 च्या नोव्हेंबरअखेर केसेस वाढल्यावर कोडीबाईंनी तीन आठवडे अंगाला अंग लागणारे सगळे खेळ बंद केले, आणि फोर्टीनाइनर्ससारखी आपली फुटबॉलची टीम गाशा गुंडाळून होम गेम खेळायला ॲरिझोनाला गेली! माझ्या नवऱ्याने त्या दिवशी जेवताना तोंड उघडलं नाही. मला एक कळत नाही, स्वतः सोफ्यावरून हलत नाहीत आणि टीम ॲरिझोनाला खेळली म्हणून यांना प्रवासाचा थकवा.

आणि याच फोर्टीनाइनर्सच्या लिव्हाइज स्टेडियममध्ये 9 फेब्रुवारी 2021 पासून लसी. सुरुवातीला दिवसाला पाच हजारांची तयारी, वाढवून पंधरा हजार करायची. इतकं शिस्तीत काम या गावात मी दुसरं पाहिलं नाही, आणि पार्किंग फुकट! मॅचला तिथेच पार्किंगचे किती घेतात माहितीय ना.

सासूबाई तोवर अडकलेल्यांना परत नेणाऱ्या वंदे भारतच्या विमानाने परत गेल्या होत्या, त्यांची लस वाईला झाली. कोडीबाई 2025 मध्ये निवृत्त झाल्या, ते मी फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "पेन्शन आहे ना गं तिला?" म्हटलं आहे, आई, काउंटीची नोकरी आहे. "मग ठीक."

पुढच्या आठवड्यात भूकंपासाठी घरात काय काय भरून ठेवायचं ते सांगणार आहे, वही पेन घेऊन बसा.