खंजिरीचं चामडं वूफरात, झुणझुण ट्विटरात

राम राम मंडळी. मागं बसलेल्यांना आवाज येऊन राहिला ना? येते म्हणता तर बरं, कारण आज विषयच आवाजाचा आहे आणि इथं माईकनं दगा दिला तर इज्जत माझी जाईल.

मी काही इंजिनियर नाही. रेडिओ, टेप, अँप्लिफायर, पुढं टीव्ही, असं दुरुस्त करत करत तीस वर्षं सोल्डरच्या धुरात गेली. वाचनालयाच्या पोट्ट्यांनी म्हटलं काका स्पीकरवर बोला, तर मी म्हटलं स्पीकरवर सगळेच बोलतात, त्याच्या पोटात जो बोर्ड असते त्यावर बोलतो, त्याला कोणी विचारतच नाही.

तर हा घरचाच डबा आणला. खाली आठ इंची वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, वर एक इंची ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा, आणि मागचे स्क्रू काढले की आत हा पोस्टकार्डाएवढा बोर्ड, दोन कॉइल, दोन-तीन कॅपॅसिटर, एक पांढरा रेझिस्टर. याला म्हणायचं क्रॉसओव्हर, कोणता सूर कोणत्या स्पीकरला द्यायचा याची वाटणी हा करते. आता हा पोट्टा पेनड्राइव्हवरचं खंजिरी भजन लावते आणि मी ट्विटरची वायर काढतो. ऐका. थाप येते, झुणझुण गेली. कोणी गोधडीखाली बसून वाजवून राहिला असं वाटते ना? आता उलटं, वूफरची काढतो, ट्विटरची लावतो. उंदराच्या पायात घुंगरू बांधल्यासारखं, चामडं गायबच.

आपल्याकडं खंजिरी म्हटली की मोझरीचे तुकडोजी महाराज आठवतात, त्यामुळं हे वाद्य तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वाजवणारा एक, हात एक, पण चामड्याची थाप खालच्या सुरात आणि चकत्यांची झुणझुण वरच्या. डब्यात एकाच खंजिरीचे दोन तुकडे होतात, एक खालून येते, एक वरून, आणि तरी तुमच्या कानाला ती एकाच माणसाच्या हातातली वाटली पाहिजे. क्रॉसओव्हरचं सगळं कसब त्या सांध्यात आहे. आवाज वेगळा करणं सोपं, वेगळा केल्याचं कळू न देणं कठीण.

मग दोन स्पीकर काउन लावायचे, एकच लावा ना? असं आत्ताच कोणीतरी म्हटलं. बरोबर विचारलं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर चालते. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरणाऱ्या सुराची एक लाट म्हणजे ३.४ मीटर, या भिंतीपासून त्या टेबलापर्यंत. १०,००० हर्ट्झची लाट ३.४ सेंटीमीटर, मोठ्या बोराएवढी. आठ इंची पडदा म्हणजे २० सेंटीमीटर, त्याला बोराएवढी लाट काढायला लावली तर ती टॉर्चच्या झोतासारखी सरळ समोर जाते, बाजूच्या दिवाणावर बसलेल्याच्या वाट्याला काही येत नाही. आणि ट्विटरला खालचा सूर दिला तर त्याचा एवढासा पडदा झेपेल त्याच्यापेक्षा जास्त मागंपुढं हालते, आतली केसासारखी तार तापते आणि जळते. तीन वेळा ट्विटर जळालेला एक डबा माझ्याकडं आला होता, उघडून पाहतो तर कोणीतरी कॅपॅसिटर काढून तिथं सरळ तार जोडून दिलेली. आवाज वाढला म्हणे. वाढणारच ना बाप्पा!

कॅपॅसिटरचं काम एवढंच, खालच्या सुराला अडवायचं, वरच्याला जाऊ द्यायचं. म्हणून तो ट्विटरच्या रस्त्यात. कॉइल नेमकी उलटी, ती वूफरच्या रस्त्यात. हिशोब हवा असेल तर लिहून घ्या, १,५९,००० ला स्पीकरच्या ओहमनं (त्याचा विजेला होणारा अडथळा) आणि कॅपॅसिटरच्या मायक्रोफॅरडनं (त्याचं माप) भागायचं, म्हणजे वाटणी कोणत्या सुरावर होते ते निघते. ८ ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड, उत्तर ४,२०० हर्ट्झच्या आसपास. स्वस्त डब्यात २.२ चा एकटा कॅपॅसिटर असते, म्हणजे ट्विटर ९,००० च्या वर नीट बोलते, वूफरला तर कॉइलच नसते, तो आपला जमेल तिथपर्यंत ओरडते आणि मधल्या भागाला कोणी वाली नाही.

पण हा हिशोब कागदावरचा बरं का. ८ ओहम लिहिलेल्या वूफरला मीटर लावा, ६ च्या जवळ दाखवते, आणि चालू असताना तर सुरागणिक आकडा बदलते, वर जाल तसा वाढते कारण त्याच्या आत स्वतःचीच एक कॉइल आहे. म्हणून चांगल्या बोर्डावर वूफरला समांतर एक रेझिस्टर आणि कॅपॅसिटरची जोडी दिसते, झोबेल म्हणतात तिला, ती हा वाढता आकडा आवरते.

आणि कॅपॅसिटर नॉन-पोलरच, म्हणजे प्लस-मायनस नसलेलाच पाहिजे. सुरुवातीला मी अकलेनं एका गिऱ्हाइकाला साधा, प्लस-मायनसवाला लावून दिला होता, महिन्याभरात डबा परत, वर चार शब्द ऐकून घेतले. अडीनडीला दोन साधे १० चे मायनसला मायनस जोडून ५ चा नॉन-पोलर होते, पण ते अडीनडीलाच. जुन्या डब्यातले इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत ओलं रसायन असलेले कॅपॅसिटर, वाळतात तेही पाहा. ट्विटर मंद झाला की लोक ट्विटर बदलतात, दोष कितीदा या कॅपॅसिटरचा असते.

आता उतार, म्हणजे तोडलेला सूर किती झपाट्यानं कमी होते ते. हिंगणघाटला कापूस घेऊन गेलेल्यांनी जिनिंग पाहिलंच असेल. रुई इकडं, सरकी तिकडं, पण सरकी हातात घेतली की तिला बारीक रुवा चिकटलेलाच असते. क्रॉसओव्हरचंही तसंच. ३,००० वर तोडलं म्हणजे ३,००० च्या खालचं ट्विटरला एकदम बंद असं होत नाही, हळूहळू कमी होते. एका कॅपॅसिटरनं प्रत्येक सप्तकाला, म्हणजे हर्ट्झ अर्धे झाले की, ६ डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप), सोबत कॉइल जोडली तर १२, अजून वाढवत गेलं तर २४. मग २४ च लावा की सगळीकडं? पार्ट वाढतात, खर्च वाढते, आणि प्रत्येक पार्ट आवाजाची वेळ जराशी सरकवते. १२ च्या जोडणीत नेमक्या सांध्यावर दोन्ही स्पीकर एकमेकांच्या उलट चालतात, एक बैल पुढं ओढते, दुसरा मागं, बंडी जागेवरच. म्हणून तिथं बहुतेक ट्विटरची वायर मुद्दाम उलटी जोडलेली असते. कंपनीनं चुकवलं समजून सरळ करणारे महाभाग मी पाहिले, त्यात एक मीच. लिंकविट्झ आणि रायली हे ह्युलेट-पॅकार्डमधले दोन इंजिनियर, १९७६ साली लिंकविट्झचा पेपर आला, त्यातली २४ ची जोडणी आजही त्या दोघांच्या नावानं चालते. सांध्यावर दोघंही ६ डेसिबल खाली आणि दोघंही एकाच पावलावर, त्यामुळं बेरीज सपाट.

तो पांढरा रेझिस्टर कशाला? ट्विटर सहसा वूफरपेक्षा मोठ्यानं बोलते, त्याला आवरायला. बस.

हाव, बोला. डीजेवाल्याचा क्रॉसओव्हर वेगळ्या डब्यात काउन? कारण तो अँप्लिफायरच्या आधी वाटणी करते, मग खालच्याला वेगळा अँप, वरच्याला वेगळा. त्याला ॲक्टिव्ह म्हणतात, भरोशाचं काम, जाड कॉइल लागत नाहीत. घरी दुप्पट अँप कोण घेते, म्हणून आपला हा बोर्ड.

शेवटची गोष्ट, याला पैसे लागत नाहीत. ३,००० हर्ट्झची लाट सव्वाअकरा सेंटीमीटरच्या आसपास, तिची अर्धी सहाच्याही आत. वूफरपासून तुमच्या कानापर्यंतचं अंतर आणि ट्विटरपासूनचं अंतर, यात नेहमीपेक्षा सहा सेंटीमीटरचा फरक पडला की सांध्यावर पुन्हा तेच बैलाचं भांडण, आणि माणसाचा कान तर २,००० ते ५,००० मध्येच सगळ्यात तिखट. आपण डबा कुठं ठेवतो? लोखंडी कपाटावर, देवळीत, नाहीतर खिळ्याला लटकवून. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर पाहिजे. तुम्ही दोघं हा डबा त्या कपाटावर चढवा जरा. हं, लाव रे भजन. ऐकलं? आता खाली घ्या, स्टुलावर ठेवा, आणि तेच कडवं पुन्हा लाव.