वडगावच्या गल्लीतला गेमिंग पीसी

[दृश्य : दुकानाचा काउंटर. काचेखाली जुन्या रॅमच्या पट्ट्या. वहीचं एक पान पुढे सरकतं.]

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की बेळगावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक ठराविक गिऱ्हाईक दिसायला लागतं. वय अठरा-एकोणीस, सोबत वडील नाहीतर मामा, आणि हातात यादी. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या विद्यापीठाचं, मुख्यालयच इथं, मच्छेला, त्यामुळं अशा याद्यांना तोटा नाही. घरी सांगितलेलं असतं, ‘प्रोजेक्टला लागतो’. तेही खोटं नसतं, कोडिंग आणि कॅड त्याच मशीनवर होतं. पण वडील दुसरीकडं बघत असले की मुलगा हळूच विचारतो, जीटीए गेम सेकंदाला किती फ्रेमनं चालेल?

यादी केलेली असते दिल्ली-मुंबईच्या कुणाचा तरी व्हिडिओ बघून. सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड, गेमची चित्रं पडद्यावर उभी करणारं. सगळ्यात खाली, पैसे संपल्यावर जे काय उरेल त्यात, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा.

आजचा मुलगा वडगावचा आहे. वडील माग चालवतात. बजेट 65,000 रुपये, मॉनिटरसकट. दुकानदार पान हातात घेतात आणि खालून वाचायला सुरुवात करतात.

“घर कुठं रे?”

“वडगावात, काका. मागांच्या गल्लीत.”

“इन्व्हर्टर हाय घरात?”

“हाय की.”

“आणि अर्थिंग?”

मुलगा वडिलांकडं बघतो. वडील छताकडं.

[दृश्य : वडगाव. बंद दारांमागून मागांचा खडखडाट. एका घरातला बल्ब क्षणभर मंदावतो.]

मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. एका ओळीत दहा माग असले की शेजारच्या घरातला बल्ब दिवसभर डोळे मिचकावत राहतो. खानापूरकडच्या वाड्या-वस्त्यांवर तऱ्हा वेगळी. तिथं पावसाळ्यात तारांवर फांदी पडली की लाईट जाते, आणि येताना दोन-तीन झटके देऊन येते. कार्डाच्या तुलना करणाऱ्या व्हिडिओंत हे कुठं येणार? त्यांच्या टेबलावर वीज सरळ असते.

म्हणून आमचं म्हणणं असं की सीमाभागात गेमिंग पीसी घेताना पहिला निर्णय कार्डाचा घेऊ नये, एसएमपीएसचा घ्यावा.

कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळणारा एसएमपीएस उलटा करून त्यावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात 450 वॅट. खाली बारीक तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. गुणाकार करा : 192 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली वीज याच 12 व्होल्टच्या वाटेनं घेतात. कोअर आय-थ्री 12100 पूर्ण जोरात 89 वॅटपर्यंत जातो, आरएक्स 6600 कार्डाला 132 वॅट लागतात. झाले 221. मदरबोर्ड, पंखे, एसएसडी अजून मोजलेच नाहीत. उरलेले वॅट कुठं गेले? ज्या वाटांना आजच्या मशीनमध्ये फारसं कामच नाही त्यांच्यावर कागदोपत्री दाखवलेले असतात.

दुसरी गोष्ट कुठल्याच लेबलवर नसते. लाईट गेल्यावर चांगला एसएमपीएस आपल्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरच्या जोरावर साधारण 16-17 मिलिसेकंद मशीन चालू ठेवतो. घरच्या इन्व्हर्टरवर बहुधा एक खटका असतो, एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘इको’. यूपीएसवर ठेवलं तर बॅटरीवर जायला दहाएक मिलिसेकंद लागतात, इकोवर त्याहून बराच जास्त वेळ. खटका यूपीएसकडं आणि एसएमपीएस दमदार, तर गेम चालू राहतो. स्वस्तातल्या डब्यात कपॅसिटर छोटा, तो मधल्या फटीतच दम सोडतो. मशीन रिस्टार्ट, आणि मुलगा म्हणतो इन्व्हर्टर बिघडला. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहरीचा, आहे ना, एवढं मात्र बघून घ्या. चौकोनी लहरीवर हल्लीचे काही चांगले एसएमपीएसही अडून बसतात.

‘ब्राँझ’, ‘गोल्ड’ या शिक्क्यांवर जास्त भुलू नका. वीज किती वाया जाते एवढंच ते सांगतात, झटका आला तर काय होईल ते नाही. त्यापेक्षा कंपनी किती वर्षांची वॉरंटी देते ते बघावं. पाच वर्षं देणाऱ्याला आपल्या मालाची थोडी तरी खात्री असणारच.

[दृश्य : तीन पिनांचा प्लग. भिंतीतलं वरचं मोठं भोक. टेस्टर.]

आता अर्थिंग. जुन्या घरांत वरचं भोक असतं, त्यामागं तार नसते. मग कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात, मशीनमध्ये करंट उतरलाय. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलवर दोन बारके कपॅसिटर असतात, विजेतली खरखर अर्थमध्ये सोडून द्यायला. अर्थच नसेल तर दोघांच्या मधोमध, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास, पत्रा तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, त्यानं माणूस दगावत नाही. पण त्याच अवस्थेत टीव्ही किंवा मॉनिटरची एचडीएमआय केबल खुपसली तर पोर्ट जळू शकतो. आणि खरोखरच कधी फेजची तार पत्र्याला टेकली, तर अर्थिंगशिवाय फ्यूज उडणारच नाही. मग तो पत्रा जीवघेणा.

खड्डा, पाइप, कोळसा, मीठ. वायरमन हे काम एका दिवसात करतो. उन्हाळ्यात माती वाळली की खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं, ते कुणी करत नाही. वडगावच्या या घरी बजेटमधली पहिली रक्कम इथं जाणार, असं दुकानदारांनी परस्पर ठरवून टाकलं. मुलाचा चेहरा पडला. यादीत आरटीएक्स 3060 कार्ड होतं, 12 जीबीचं.

वडिलांचा प्रश्न वेगळाच होता. “आमच्या वळखीचा एकजण आय-सेव्हन देतो म्हणतोय. ह्यो आय-थ्री का बरं?”

प्रश्न रास्त आहे. सातापेक्षा तीन लहानच. पण तो आय-सेव्हन 3770 म्हणजे 2012 सालचा, इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा. चार कोर, आठ थ्रेड. 2022 चा आय-थ्री 12100, त्यालाही चार कोर, आठ थ्रेड, आणि प्रत्येक कोर कितीतरी चपळ. शिवाय विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे उतरत नाही. व्हॅलोरंट हा गेम तर विंडोज 11 वर टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय सुरूच होत नाही. आय-सेव्हनची पाटी बघून पैसे घालवलेली घरं बेळगावात कमी नाहीत.

यादीत 12100 च्या पुढं एक ‘एफ’ होता. एफचा प्रोसेसर थोडा स्वस्त, कारण त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. जगभरचे सल्लागार म्हणतात, कार्ड घेणारच आहात, मग एफ घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवर, जिथं कॉम्प्युटरचा बाजारच आहे, हा सल्ला ठीक. इथं मात्र आम्ही उलटं सांगू. कार्ड बिघडलं तर वॉरंटीसाठी बाहेरगावी जातं आणि यायला आठवडे लागतात. तेवढे आठवडे एफवाल्या मशीनवर पडदा काळा. परीक्षा तोंडावर असली तर? साधा 12100 असेल तर गेम बंद, पण असाइनमेंट चालू. एएमडीच्या रायझन प्रोसेसरकडं जायचं असेल तर हाच हिशोब. 5600 ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, 5600जी ला आहे, मात्र त्यात कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, निम्मी, 32 ऐवजी 16 एमबी, आणि कार्ड लावून खेळताना तो फरक जाणवतो.

कार्डाबद्दल मुलाशी बरीच घासाघीस झाली. मॉनिटर 24 इंची, 1920 बाय 1080 चा. तेवढ्याला 8 जीबीचं आरएक्स 6600 पुरतं. ते कार्ड 2021 साली आलं तेच या रिझोल्यूशनवर नजर ठेवून. 12 जीबी असतं तर बरंच होतं, नाही कोण म्हणतंय? पण 3060 ला 170 वॅट लागतात आणि वरचे पैसेही.

“सेकंडहँड बघू काय, काका? ऑनलाइन निम्म्यात हाय.”

इथं दुकानदार पहिल्यांदाच काउंटरच्या बाहेर आले. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनानं मायनिंगची, म्हणजे कार्डं राबवून चलन मिळवण्याची, पद्धत सोडली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर बाजारात उतरली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही. पंखे, थर्मल पॅड बदलून वर्षानुवर्षं चालतात. पण ते समोर लावून, अर्धा तास गेम चालवून घ्यावं. फोटो बघून घेऊ नये. आणि आरएक्स 580 असेल तर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून शेडरचा, म्हणजे कार्डातल्या बारक्या गणकांचा, आकडा वाचावा. 2304 असेल तर अस्सल. 2048 दिसला तर ती त्याच नावाची हलकी आवृत्ती, भावही तसाच हलका पाहिजे.

रॅम 8 जीबीच्या दोन पट्ट्या. एकच पट्टी टाकली तर मेमरीची अर्धी वाट बंद राहते. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांपायी मेमरीचे भाव भडकले, आणि डिसेंबरात तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रुशियल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळं 32 जीबीचा विषय निघालाच नाही. एसएसडी 500 जीबी. मदरबोर्ड एच610, डीडीआर4 वाला. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, आणि तेच बरं.

[दृश्य : कोगनोळीचा टोलनाका. दोन राज्यांच्या नंबरप्लेटा.]

कोल्हापुरातून आणलं तर स्वस्त पडेल का? निपाणी-बेळगावात हा प्रश्न फ्रीजपासून मोटरसायकलपर्यंत सगळ्यालाच विचारला जातो, आणि एके काळी त्यात तथ्य होतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि या भागांवरचा कर सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखा झाला. आज तो 18 टक्के आहे. इथल्या बिलावर केंद्राचे 9 अधिक राज्याचे 9, परराज्यातून ऑनलाइन मागवलं तर आयजीएसटीचे एकगठ्ठा 18. उरतो तो दुकानदाराच्या नफ्यातला फरक. बेळगावातून जायचं-यायचं दोनशेहून जास्त किलोमीटरचं पेट्रोल आणि बिघडल्यावरची दुसरी खेप धरली की तोही बहुतेक वेळा विरून जातो. बिल मात्र पक्कंच घ्यावं, सीरियल नंबर लिहिलेलं. ‘बिल पाहिजे काय?’ असं जिथं विचारतात, तिथं वॉरंटी विचारून काय उपयोग?

कॅबिनेटसाठी मुलाला पुढून काच आणि रंगीत दिवे हवे होते. मिळाली जाळी, काढून धुता येणाऱ्या फिल्टरची. वडगावात मागांवरची लव, खानापुरात वीटभट्ट्यांची लाल धूळ, आणि पावसाळ्यात ती हवेतल्या ओलीनं चिकटून बसते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरा, नाहीतर वाऱ्यानं भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं.

[दृश्य : जोडणी. स्क्रू, केबल, बायोसचा पडदा.]

जोडून झालं तरी दोन गोष्टी राहतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी हा रॅमच्या पूर्ण वेगाचा पर्याय चालू केला नाही तर रॅम 3200 ऐवजी कमी वेगानं पळू शकते. आणि मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची. एफ नसलेल्या प्रोसेसरवर मदरबोर्डला लावली तरी चित्र येतं, त्यामुळं चूक लक्षातच येत नाही. गेम अडखळतो आणि शिव्या बिचाऱ्या कार्डाला.

पहिला गेम दुकानातच लागला. मुलगा खुर्चीच्या कडेवर, वडील मागं उभे, हात पाठीवर बांधून.

“पुढच्या वर्षी मोठं कार्ड टाकतो म्हणतोय ह्यो,” ते दुकानदारांना म्हणाले. “तवा परत सगळं बदलायचं काय?”

“नाही हो, अण्णा. एसएमपीएस 550 चा दिलाय. फक्त कार्ड घेऊन या.”

“आणि ह्ये जुनं?”

“ते बिल असलं तर मीच विकून देतो की.”