‘बरं शे’

घरात अहिराणी बोलणारे इथे बरेच दिसतात, म्हणून दोनच शब्दांपासून सुरुवात करतो: ‘बरं शे’, म्हणजे बरं आहे. चोपड्याकडचे एक आबा दर महिन्याला दवाखान्यात माझ्यापुढे बसून हेच म्हणायचे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि म्हणे बरं शे! एकदा मी दुखण्याचं विचारलंच नाही. म्हटलं, ‘आबा, रात्री पाठ टेकता का?’ आबा गप्प. सूनबाईच म्हणाल्या, ‘पुढे वाकून, उशी पोटाशी धरून रात्र काढतात.’ या आजारात उताणं झोपलं की कळा वाढतात, वाकलं की जरा उतार पडतो. हे मी शिकलेलो होतो, तरी इतके महिने विचारलं नव्हतं.

आबांचा हिशेब साधा होता. सांगितलं तर डॉक्टर मुंबईला धाडणार, मुलगा ऐन वेचणीत कपाशी सोडून धावणार. आणि आत खोल आणखी एक भीती: दुखणं वाढलं म्हणजे आजार वाढला. मग ते तोंडातून काढायचंच कशाला?

दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिलेल्या होत्याच. त्या डब्यात शिल्लक! ‘आत्ताच संपवल्या तर शेवटी काय लागू पडेल?’ हे मला जवळजवळ रोज ऐकू येतं. मॉर्फिनला ठरलेली कमाल मात्रा नाही. दुखणं वाढलं तर डॉक्टर मात्रा वाढवू शकतात. मनाने वाढवायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही, एवढं पथ्य.

‘पण ती अफूच ना?’ हो, मूळ अफूचंच. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्याने ती पिकते. तरी अमली पदार्थांच्या 1985च्या कायद्यामुळे परवान्यांची इतकी कटकट झाली की दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच कचरू लागले. 2014च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला व्यसन क्वचितच लागतं.

केळीला ठिबक कशासाठी लावता? पानं माना टाकेपर्यंत थांबून मग पाट सोडत नाही ना तुम्ही? साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळाप्रमाणे घ्यायची. कळ शिगेला गेल्यावर तिला उतरवणं अवघड जातं.

एक गोष्ट मात्र अजिबात लपवू नका. कॅन्सरच्या पेशंटची पाठ नव्याने दुखू लागली, पायांतलं बळ कमी झालं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

आबांनी गोळ्या नेमाने सुरू केल्या. पुढच्या खेपेला आले ते कुरकुरतच: चार दिवस पोट साफ नाही. मॉर्फिनने हे बहुतेकांना होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध दिलेलं होतं; सूनबाईंनी ‘किती औषधं द्यायची’ म्हणून तेवढंच बंद केलेलं. मी ते पुन्हा लिहून दिलं. मनातून मात्र खूश होतो. आबांनी आपण होऊन तक्रार केली होती.