सस्क्वेहानाचा पहारेकरी

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातून सस्क्वेहाना नावाची रुंद, उथळ नदी वाहत जाते आणि चेसापीक उपसागराला मिळते. आज बोलायचं आहे ते तिच्यातल्या स्मॉलमाउथ बास या माशाबद्दल. हिरवट-पितळी अंगाचा हा मासा वाहत्या पाण्यात, दगडगोट्यांच्या आडोशाला राहतो.

वसंतात पाणी पंधरा-सोळा अंशांपर्यंत तापलं की नर शेपटीनं खडी झाडून खळगा करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते, पहारा नराचा. पिल्लं पोहू लागली तरी काही दिवस तो त्यांच्यावर लक्ष ठेवून असतो. याच दिवसांत नदीला लोंढा आला, तर खळग्यासकट सगळं वाहून जातं.

२००५च्या उन्हाळ्यात मात्र पूर नसतानाही पिल्लं मरू लागली. अंगावर व्रण पडलेली, काठाजवळच्या कोमट पाण्यात तरंगणारी. व्रणांत जिवाणू सापडले, पण ते पाण्यात एरवीही असतात आणि धडधाकट मासा त्यांना दाद देत नाही. मग पिल्लं इतकी अशक्त का झाली? बरीच वर्षं पुरावे गोळा करून राज्याच्या यंत्रणांनी २०१५ साली दोन कारणं सर्वांत संभाव्य ठरवली: रोग आणि परजीवी हे एक, संप्रेरकांत बिघाड करणारी रसायनं आणि तणनाशकं हे दुसरं. त्याआधी २००९मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेनं देशातल्या नऊ नदीखोऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. तपासलेल्या स्मॉलमाउथ नरांपैकी सुमारे एक तृतीयांश नरांच्या वृषणांत अंड्यांच्या पेशी आढळल्या. खळगा राखणारा तो हाच नर, श्रोतेहो. मला ही गोष्ट मेलेल्या पिल्लांइतकीच भयंकर वाटते, कारण ती काठावरून दिसतच नाही.

एखाद्या कारखान्याचा पाइप असता तर तो बंद करता आला असता. इथे मक्याच्या शेतातलं तणनाशक, गोठ्यातलं शेण, शहरांचं सांडपाणी, सगळंच नदीत उतरतं. शेतात फवारणी होते तीही वसंतातच, नेमकी अंडी खळग्यात असताना.

२०११पासून नदीच्या मोठ्या भागात पकडलेला बास लगेच पाण्यात सोडण्याची सक्ती झाली. हा नियम हवाच होता. पण शेतातून येणारं पाणी अडवायचं तर ओढ्यांच्या काठानं झाडांचे रुंद पट्टे हवेत, गुरांना पाण्यात उतरू न देणारी कुंपणं हवीत. पेनसिल्व्हेनियात त्यासाठी शेतकऱ्यांना सरकारी मदत मिळते आणि अनेकांनी असे पट्टे लावलेही आहेत.