१६० थरांची दाढ

(दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅबचं दार. आतून मोटरची घरघर.)

ही बाटली सकाळपासून रोलरवर फिरते आहे. आत रेझिन आहे, म्हणजे प्रकाशात घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, बासुंदीच्या रंगाचं. शेड ए-थ्री, दाताच्या रंगाची एक छटा. त्यात मिसळलेली सिरॅमिकची बारीक पूड तळाशी बसते, म्हणून वापरण्याआधी ते नीट घोळवून घ्यावं लागतं. इथल्या कारागीर ताईंनी आल्या आल्या पहिलं काम हेच केलं.

पुण्यातली ही छोटी डेंटल लॅब. डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे आता क्वचितच येतात. येते ती तोंडाच्या स्कॅनची फाइल. ही घासून लहान केलेली दाढ, आणि तिच्यावर ताई माऊसनं चढवताहेत ती कॅप. खाचा, उंचवटे, शेजारच्या दाताला टेकणारी कड. संगणक तयार आकार सुचवतो. तो जसाच्या तसा त्या कधीच पुढे पाठवत नाहीत. ताईंनी वीस वर्षं मेणात दाढा कोरल्या आहेत. वरची दाढ नेमकी कुठे टेकणार, ते त्यांना आधीच दिसतं.

आता थ्रीडी प्रिंटर. ट्रेमध्ये रेझिन, ट्रेखाली ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश. प्लेट खाली येते, रेझिनमध्ये बुडते. जिथे प्रकाश पडतो तेवढंच घट्ट होतं. प्लेट वर उचलली जाते. हा आवाज ऐका.

(निवेदन नाही. थर सुटतानाचा आवाज.)

एक थर झाला. जाडी ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. आठ मिलिमीटर उंचीच्या कॅपला असे १६० थर. प्रकाशानं थरावर थर घट्ट करत जाण्याच्या या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत चक हल यांना १९८६ साली मिळालं.

प्लेटवरची कॅप उलटी लटकलेली असते, चिकट. ती आयपीए नावाच्या अल्कोहोलमध्ये धुवायची, वाळवायची, आधाराच्या काड्या छाटायच्या. मग हा प्रकाशाचा डबा. छापून निघालं तरी रेझिन पुरतं पक्कं झालेलं नसतं. कच्चं राहिलं तर कॅप कमजोर राहते, हिरडीलाही त्रास होऊ शकतो. काम तुंबलं की वेळ वाचवायचा मोह इथेच होतो. ताई या टायमरला कुणाला हात लावू देत नाहीत.

आणि आता यंत्र बाजूला. दातांच्या मॉडेलवर निळा कागद ठेवून चावा बघायचा. निळा ठिपका उठला तिथे बर, म्हणजे घासायचं बारीक फिरतं टोक, फिरवायचा. पुन्हा कागद, पुन्हा बर. शेवटी केसासारख्या ब्रशनं खाचांमध्ये किंचित तपकिरी रंग, कारण माणसाची दाढ एकसारखी पांढरी नसते.

(ब्रशचं टोक. दहा सेकंद.)

झिर्कोनिया या कणखर सिरॅमिकची ताकद या रेझिनला नाही, त्यामुळे पक्क्या कॅपसाठी बहुतेक डॉक्टर अजून झिर्कोनियाच मागवतात. लॅबमधलं मेणकामाचं मात्र एकच टेबल उरलं आहे.

१९४८ च्या कायद्यानं या पेशाला नाव दिलं: डेंटल मेकॅनिक. कॅपच्या या डबीवर दोन नावं लिहिली आहेत, डॉक्टरांचं आणि पेशंटचं.

कुरिअरवाला आला. ताई पुढची बाटली रोलरवर ठेवताहेत.