भोंग्यानंतरची पाच मिनिटं

(दृश्य: सातपूर औद्योगिक वसाहत, डिसेंबरमधली सकाळ, पावणेसात. चहाची टपरी, बाजूला सायकली आणि मोटरसायकली.)

डिसेंबरातली नाशिकची थंडी आधी बोटांना कळते. पहिली पाळी सातला लागते, आणि त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं या टपरीची. आलं कुटल्याचा आवाज, स्वेटरवर लटकणारं कंपनीचं ओळखपत्र, एका हातात कटिंग. दुसऱ्या हातात काय असतं, ते सांगायला नको.

या टपरीसमोर मी अकरा वर्षं उभा राहिलो. दिवसाला दहा-बारा सिगारेटी, रात्रपाळी असली की जास्त. अख्खं पाकीट मी क्वचितच घेतलं. सुटी सिगारेट घ्यायची, खांबाला दोरीने बांधलेल्या लायटरवर पेटवायची, भोंगा झाला की थोटूक बुटाखाली चिरडून आत जायचं. पाकीटच न घेतल्यामुळे त्याच्यावरचं चित्र मी कधी नीट पाहिलंच नाही. पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या चित्राने आणि इशाऱ्याने भरलेला असतो. सोडायला मदत करणारा मोफत नंबर, १८००-११-२३५६, तोही २०१८ पासून तिथेच छापलेला असतो. सुटी सिगारेट घेणाऱ्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी आली ती याचमुळे. तरी आज सकाळी आम्ही कॅमेरा लावून उभे होतो, तेव्हाही दोरीला लायटर लटकत होता.

(दृश्य: घड्याळाचा सेकंदकाटा. पाठीमागे कारखान्याचा भोंगा.)

झुरका घेतल्यावर निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत जातं. बरं वाटतं, आणि ते खरंच वाटतं, त्यात नाटक काही नाही. पण दोन तासांत रक्तातलं निम्मं निकोटिन ओसरतं आणि मेंदू पुन्हा मागायला लागतो. हे मागणं म्हणजे तलफ. मला वाटायचं, सिगारेट माझा ताण घालवते. पुष्कळदा तो ताण आधीच्या सिगारेटनेच मागे ठेवलेला असायचा, हे कळायला मला फार वर्षं लागली.

आणि एक हिशोब. एका सिगारेटचे दहा झुरके धरले, तर बारा सिगारेटींचे दिवसाला एकशेवीस. वर्षाचे चाळीस हजारांवर. चाळीस हजार वेळा हात तोंडाशी गेला, तर तो हाताला पाठ होणारच. म्हणून ‘मनावर घेतलं की सुटते’ असं कुणी म्हटलं की मला त्रास होतो. मी मनावर घेतलं होतं. एकदा नाही, तीनदा.

पहिल्यांदा एक जानेवारीला. तीन दिवस टिकलो. तिसऱ्या दिवशी तर सुपरवायझरशी इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून भांडलो की आज आठवूनही वाईट वाटतं. शरीराची कुरकुर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जाते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता जन्मभर असंच राहणार. चिडचिड, झोप नाही, कामात लक्ष नाही. असं जन्मभर कोण राहील? चौथ्या दिवशी पेटवली.

दुसऱ्यांदा पाच महिने गेले. मग एका रविवारी मखमलाबादच्या बाजूला सगळे मित्र मिसळ खायला गेलो. झाडाखाली बाकडी, झणझणीत रस्सा, वर दही, मग चहा. एकाने पाकीट पुढे केलं. पाच महिने सोडलीय म्हणजे आपण जिंकलोय, एका सिगारेटने काय होतं? त्या दिवशी एक ओढली. आठवड्याभरात परत दहावर आलो.

(दृश्य: वहीचं पान. पेनाने लिहिलेली यादी.)

तिसऱ्या वेळी जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंनी मला एक काम दिलं. सिगारेटींची नाही, जागांची यादी करा म्हणाल्या. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत असं समुपदेशन मोफत मिळतं. मी घरी येऊन लिहायला बसलो. सातपूरची टपरी. सीबीएसला बसची वाट पाहताना. जेवणानंतर गच्ची. द्वारकेच्या सिग्नलला गाडी अडकली की. मिसळ. सासरहून फोन आला की. पान भरलं. अख्ख्या नाशिकचा नकाशा माझ्यासाठी सिगारेटच्या जागांचा नकाशा झाला होता.

ताई म्हणाल्या, “तलफ काही मिनिटांची असते. तुम्ही ओढलीत तरी जाते, नाही ओढलीत तरी जाते. तेवढी मिनिटं कुठे काढायची, ते आधीच ठरवा.”

मग मी ठरवत गेलो. महिनाभर कंपनीत मागच्या गेटने शिरलो, टपरी टाळून. जेवणानंतर गच्चीऐवजी भांडी घासायला लागलो, कारण ओल्या हाताने सिगारेट धरता येत नाही. खिशात लवंग आणि बडीशेप. सिग्नलला हळू, खोल श्वास, पोटापर्यंत. सीबीएसला पाण्याची बाटली, एकेक घोट. या गोष्टी ऐकायला फार साध्या वाटतात. तलफ आलेली असते तेव्हा मोठं काही सुचतच नाही, साधंच लागतं.

चहाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन भराभर मोडतं. सिगारेट बंद झाली की हा वेग उतरतो, आणि तेवढ्याच चहात कॅफिन जास्त वेळ अंगात राहतं. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. माणसाला वाटतं, हे सगळं सिगारेट सोडल्यामुळे, एक ओढली की बरं वाटेल. मी दिवसाला सात-आठ कटिंग प्यायचो. निम्मे केले आणि दोन-तीन दिवसांत झोप लागायला लागली.

(दृश्य: सिन्नर. घराच्या ओसरीवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया. चेहरे दाखवायचे नाहीत, फक्त हात.)

सिन्नर माझं आजोळ. नाशिकपासून तासाभराच्या आतलं गाव, विड्यांसाठी कित्येक पिढ्यांपासून माहीत असलेलं. माझी आजी विड्या वळायची. तेंदूची पानं रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्यात गुंडाळायची, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायची. मग चिमूटभर जर्दा, बोटांची एक फिरकी, टोकं मुडपून वर दोरा. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. दिवस मावळेपर्यंत हजार भरायच्या असायच्या. तिच्या बोटांना जर्द्याचा वास असा मुरला होता की ती भाकरी वाढायची तेव्हाही यायचा. लहानपणी मला तो आजीचाच वास वाटायचा.

ज्या विड्या नापास व्हायच्या, त्या आजोबा ओढायचे. विडी सिगारेटपेक्षा बरी, पानाची आहे, असं ते म्हणायचे. आजही सिन्नरपासून पेठपर्यंत हेच ऐकू येतं. विडीत तंबाखू कमी असतो हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा शिरत नाही, विडी विझायला बघते, म्हणून ती जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते. त्यातून निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या बरोबरीने, कधी जास्तही, छातीत जातं. आजोबांना शेवटची सहा वर्षं ओसरीच्या तीन पायऱ्या एका दमात चढता आल्या नाहीत. मधल्या पायरीवर बसायचे. त्या बायांच्या पोटाचा प्रश्न आहे, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या हातांवर बोट ठेवायचा मला अधिकार नाही. पण ती मधली पायरी मी विसरू शकत नाही.

दुसरी फसगत तंबाखू मळण्याची. सिगारेट सोडली आणि चुन्याची डबी घेतली, अशी माणसं आमच्या कंपनीत कितीतरी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास चोवीस टक्के लोक खायचा किंवा लावायचा तंबाखू घेत होते, ओढणारे चार टक्क्यांच्या आत होते. निकोटिन तेच. वाट तेवढी बदलली.

(दृश्य: चुंचाळे, कामगारांच्या खोल्या. खाटेवर बसलेला तरुण, पाठमोरा.)

हा मुलगा चोवीस वर्षांचा. दिंडोरीकडचा, अंबडला वेल्डिंग करतो, तिघं मिळून खोलीत राहतात. आम्ही भेटलो तेव्हा त्याचा तिसरा दिवस होता. गुडघा सारखा हलत होता. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागायची, म्हणजे ओढ तशी घट्ट. डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगम सुरू केलं होतं, पण त्याला गुण येत नव्हता. का, ते त्याला चघळताना पाहिल्यावर कळलं. तो ते साध्या च्युइंगमसारखं भराभर चावत होता, आणि वर चहा. ते हळू चावायचं असतं, जिभेला झिणझिण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झिणझिण गेली की परत चावायचं. चहा-कॉफी पंधरा मिनिटं आधीपासून बंद, नाहीतर निकोटिन तोंडात शोषलंच जात नाही. हे त्याला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

“दादा, मी अजून चोवीसचाच आहे. तीस झालो की सोडीन म्हणायचो,” तो म्हणाला.

ब्रिटनमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षं तिथल्या डॉक्टरांचा मागोवा घेतला गेला. सिगारेट चालू ठेवणारे, कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षाच्या आसपास सोडणाऱ्यांची ती दहाही वर्षं जवळजवळ वाचली. चाळिसाव्या वर्षी सोडली तर नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, साठाव्या वर्षी तीन. माझे काका नाशिकरोडला राहतात, वय साठ, ‘आता काय उपयोग’ म्हणतात. काका, तीन वर्षं म्हणजे तुमच्या नातीची दहावी आणि बारावी.

त्या मुलाला मी माझा नंबर दिला आणि म्हटलं, कधीही फोन कर.

(दृश्य: रात्र. रस्त्यावरच्या दिव्याखाली मोबाइलचा उजेड. फक्त आवाज.)

एकोणिसाव्या दिवशी रात्री अकरा दहाला त्याचा फोन आला. रूमवरचे दोघं जेवून खाली टपरीवर गेले होते.

“दादा, तलफ आलीय. जोरात आलीय.”

मी त्याला उपदेश केला नाही. पाणी पी म्हटलं. मग विचारलं, घरचा कांदा काढला का? म्हणाला, काढलाय, चाळीत टाकलाय, बाबा लासलगावला भाव बघून आलेत. भाव सांगितला. मी म्हटलं, एवढाच? मग तो बोलत सुटला. ट्रॅक्टरचं भाडं, गोण्या, हमाली, मधल्या पावसाने सडलेला माल, बहिणीचं लग्न. मी फक्त हूं म्हणत होतो.

बोलता बोलता तो थांबला.

“किती वाजले, दादा?”

“अकरा सतरा.”

थोडा वेळ फोनवर काहीच नाही. लांबून कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

“बरं,” तो म्हणाला. “झोपतो. पहिली पाळी आहे.”